पुडीत काय होतं? : अकस्मात मृत्यू, सीए रिपोर्ट आणि दोन हद्दी

खाडीकाठ (धागालेखक)

आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा गेल्या वर्षी श्रावणात गेला. वय चोवीस. नाव, मजला, रस्ता काही लिहीत नाही, त्याची आई अजून इथेच राहते. गर्द (हलकं हेरॉइन) ओढायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. मधे सहा-सात महिने सुटलाही होता. त्या दिवशी सकाळी बाथरूमचं दार आतून बंद आणि नळ चालू. दार फोडलं तेव्हा मी तिथे होतो. गुडघ्यांत मान घालून बसल्यासारखा बसला होता, ओठ निळे पडलेले, समोर गर्द ओढायची चंदेरी पन्नी आणि भिजलेला लायटर.

धागा काढतोय तो त्यानंतरच्या पंधरा मिनिटांसाठी. त्याच्या बहिणीने पन्नी चुरगळून कचऱ्याच्या पिशवीत कोंबली. खिडकीच्या कट्ट्यावर अर्धी पुडी होती, ती कमोडमध्ये टाकून फ्लश केली. मग फरशीवर फिनाइल ओतलं. पोलीस येणार, शेजारीपाजारी येणार, तिच्या लग्नाचं चाललेलं. तिला कुठल्या तोंडाने बोलू? बादली मीच भरून दिली होती.

पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पोस्टमॉर्टेमच्या कागदावर 'मत राखीव, व्हिसेरा जतन' (व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयव). पुढे अकरा महिने काही नाही. तपास अधिकारी भला माणूस होता, पण त्याची बदली झाली, मग दुसऱ्याचीही झाली. परवा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आला. एक ओळ: 'सामान्य व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत विष आढळून आले नाही.' आईने तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. म्हणाली, "विष नव्हतं ना? मग झालं काय त्याला?"

माझ्याकडे उत्तर नाही. त्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीत, दुसऱ्या पोलीस हद्दीत, आणखी दोन पोरं तशीच गेली असं तेव्हा कानावर आलं होतं. खरंखोटं माहीत नाही. पण खरं असेल तर तो माल एकाच हातून आला होता का, त्यात काय कालवलं होतं, हे शोधणं कुणाचं काम आहे? जाणकारांनी सांगावं.

रिकामटेकडा४२

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचतो.

निवृत्त_हवालदार

खात्यात ३४ वर्षं काढली, त्यामुळे थोडं लिहायचा हक्क आहे असं समजतो.

एडी, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, हा गुन्हा नव्हे, इथून सगळं सुरू होतं. गुन्ह्याला नंबर पडतो, क्राइम मीटिंगला साहेब विचारतात, किती उघड, किती बाकी. एडीचं कोण विचारतो? पूर्वी आम्ही कलम १७४ म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा (नागरिक सुरक्षा संहिता) लागला, त्यात ते १९४ झालं. आता चोवीस तासांत अहवाल मॅजिस्ट्रेटकडे जायला हवा, ही सुधारणा चांगली. पण त्या चोवीस तासांच्या अहवालात असतं काय? दोन पंच, प्रेत कुठल्या स्थितीत होतं, अंगावर जखमा आहेत का, घातपाताचा संशय आहे का. संशय नाही म्हटलं की अर्धं काम संपलं.

आता पुडीचं. त्या मुलाच्या बहिणीने टाकली नसती तरी ती पंचनाम्यात आली असती याची मी खात्री देत नाही. पुडी लिहिली की एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, आला. मग वजन, सील, मुद्देमाल खोली, ५२अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर नमुने. रात्रपाळीला ठाण्यात माणसं चार, त्यातला एक बंदोबस्ताला. मेलेल्या माणसाच्या दोन चिमूट पावडरीसाठी एवढं करणारा हवालदार मी एकच पाहिला, आणि त्यालाही सगळे हसायचे. बाकीचे पन्नी पायाने बाजूला सारायचे. मीही सारली आहे. खोटं कशाला बोलू.

आणि हद्द. विटाव्याच्या पुढे दिघा लागला की ठाणे आयुक्तालय संपलं, नवी मुंबई सुरू. रिक्षाने पाच-दहा मिनिटं. पण अलीकडची एडी आणि पलीकडची एडी एका टेबलावर कधी येत नाहीत. चोरीच्या मोटरसायकलची माहिती दुसऱ्या आयुक्तालयाला लगेच कळते. मेलेल्या गर्दुल्ल्याची कळत नाही.

सरळसोट

कटू वाटेल, पण लिहितो. कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बलात्काराचे, खुनाचे नमुने रांगेत असताना, ज्याने स्वतःच्या हाताने विष ओढलं त्याच्या व्हिसेऱ्याला आधी नंबर का लावायचा? पैसा आपल्याच खिशातला आहे. ओढू नये हे त्यालाही कळत होतं.

कोपरखैरणेची_काकू

सरळसोट दादा, तुमचं वय काय माहीत नाही. माझा मुलगा आता चार वर्षं स्वच्छ आहे, म्हणून मी तुमच्यावर न रागावता लिहू शकते.

त्याला दोन मित्रांनी रिक्षातून आणलं, हॉस्पिटलच्या गेटवर बाकावर बसवलं आणि पळाले. आत डॉक्टर विचारताहेत काय घेतलं, किती वाजता घेतलं, सांगायला कोणी नाही. मी पोचले तेव्हा नर्सने त्याच्या खिशातून निघालेलं लोकलचं तिकीट दाखवलं. मागे पेनाने लिहिलेलं: 'पावडर + बटण'. त्या पळपुट्यांपैकी कोणीतरी जाता जाता लिहून ठेवलेलं. 'बटण' म्हणजे झोपेच्या गोळ्या हे मला तेव्हा नर्सने समजावलं. एक इंजेक्शन दिलं आणि दोन मिनिटांत पोराने मोठा श्वास घेतला. तो आवाज मी विसरणार नाही.

त्या दोघांना मी आधी शिव्या दिल्या. आता वाटतं, ते थांबले असते तर पोलिसांनी त्यांना सोडलं असतं का? म्हणून ते थांबले नाहीत. तिकीट लिहिणाऱ्याला मात्र मला एकदा जेवायला बोलवायचं आहे.

मीठपाणी

काकू, ते इंजेक्शन नॅलोक्सोन असणार. गर्द, मॉर्फिन, फेंटानिल या अफूच्या घराण्यातल्या पदार्थांनी श्वास मंदावला असेल तर ते काम करतं. नुसत्या बटणावर किंवा एमडीवर (मेफेड्रोन) करत नाही. म्हणूनच त्या तिकिटाची किंमत.

मी सरकारी शवागारात काही वर्षं काम केलं आहे. खाडीकाठ, त्या रिपोर्टमधल्या ओळीचा अर्थ 'विष नव्हतं' असा नाही. आम्ही जी विषं शोधायची यादी ठेवतो त्यात सापडलं नाही, एवढाच आहे. त्या माउलीला हे जरूर सांगा.

आपली व्हिसेऱ्याची पद्धत मुळात पिऊन मरणाऱ्यांसाठी बसवलेली आहे. ढेकणाचं औषध, शेतातलं कीटकनाशक, गावठी दारू. म्हणून जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा काढायचं आणि बरणीत मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवायचं. (माझं टोपणनाव तिथूनच आलं, हसू नका.) पण पन्नीवरून ओढलेलं किंवा सुईने घेतलेलं जठरात जातंच कुठे? तिथे हवं रक्त, तेही हृदयातलं नको. मेल्यानंतर औषधं आसपासच्या अवयवांतून हृदयाच्या रक्तात झिरपतात, आकडा फसवा येतो. मांडीच्या शिरेतलं घ्यावं, फ्लोराइडच्या नळीत, बर्फात. सोबत लघवी आणि डोळ्याच्या बुबुळामागचा द्रव. हे सगळं पुस्तकात आहे, आम्ही परीक्षेत लिहून पास झालो. प्रत्यक्षात त्या दिवशी फ्लोराइडची नळी संपलेली असते आणि रक्ताची बाटली मुद्देमालाच्या कपाटात, मे महिन्यात, आठवडाभर पडून असते. काही पदार्थ तेवढ्यात विघटन होऊन नाहीसे होतात.

सरळसोट यांचा रांगेचा मुद्दा मात्र उडवून लावू नका. तो खरा आहे. त्यावर माझं उत्तर: आधी पुडी तपासा, रक्त नंतर. पुडीत पदार्थ ढिगाने असतो, ओळखायला सोपा. रक्तात तोच पदार्थ अत्यल्प असतो आणि काय शोधायचं ते माहीत नसेल तर गवतात सुई. पुडीने नाव सांगितलं की रक्तात नेमकं तेच पाहायचं. पन्नीला चिकटलेली काजळीसुद्धा पुरते. आज काय होतं, पुडी पकडली गेली तर ती एनडीपीएसच्या फाइलीतून एका विभागाकडे जाते, प्रश्न एवढाच की हेरॉइन आहे का, हो किंवा नाही. व्हिसेरा एडीच्या फाइलीतून विषशास्त्र विभागाकडे. दोन फाइली, दोन आवक क्रमांक. पुडी आणि प्रेत यांची गाठ त्या इमारतीत पडतच नाही.

रिकामटेकडा४२

रुमाल काढला. फ्लोराइडची नळी संपलेली असते हे वाचून झोप उडाली.

कोर्टनाका

ठाणे कोर्टात फौजदारी वकिली करतो. आधी एक फुकट सल्ला: खाडीकाठ, बादलीचं असं जाहीर लिहीत जाऊ नका. पुरावा नाहीसा करणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ आहे, जुन्या दंड संहितेचं २०१. तुम्हाला कोणी धरणार नाही, पण लिहू नये ते नये.

आता मूळ प्रश्न. एनडीपीएस हा १९८५ चा कायदा. त्यात बाळगणं, विकणं, वाहतूक, सेवन सगळ्याला शिक्षा आहे, 'या मालाने माणूस मेला' यासाठी वेगळं कलम नाही. शिक्षा ठरते वजनावर. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. एमडीला २ आणि ५०. आणि इथे गंमत बघा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, शुद्ध मालाचंच वजन धरा. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं: मिसळलेल्या पदार्थासकट अख्ख्या पुडीचं वजन धरायचं. म्हणजे भेसळ किती ग्रॅम हे कायदा आता मोजतो, भेसळ कसली हे विचारत नाही. पॅरासिटामॉल असो की माणूस मारणारं काही, तराजूला सारखंच.

दुसरं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं, राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत. चांगली तरतूद. पण हवालदारसाहेब म्हणाले तसं, एडी हा गुन्हाच नाही. त्यामुळे घरफोडी झाली तर तज्ज्ञ येणार, बाथरूममध्ये पोरगं मेलं तर येणार नाही.

तिसरं, काकूंच्या पळपुट्यांबद्दल. कलम २७ खाली सेवनाला हेरॉइन-कोकेनसाठी एक वर्षापर्यंत, इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद. ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सूट आहे, पण मित्राला हॉस्पिटलात पोचवणाऱ्याला नाही. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४अ ने २०१९ पासून संरक्षण दिलं. तीच वाक्यं थोडी बदलून इथे लावायला काय हरकत होती? कॅनडाने २०१७ मध्ये नेमका असा कायदा केला.

सरळसोट

मग मृत्यूचं कलमच आणा ना. ज्याच्या पुडीने माणूस मेला त्याला थेट मनुष्यवध. चार पेडलर आत गेले की बाकीचे सुतासारखे सरळ.

कोर्टनाका

मुंबईतल्या मालवणीत ते करून झालं आहे. जून २०१५, विषारी दारू, शंभरावर माणसं गेली. चौदा आरोपी. निकाल लागला २०२४ मध्ये, चौघे दोषी, दहा वर्षं सक्तमजुरी, बाकी दहा सुटले. नऊ वर्षं लागली, आणि तिथे तर मिथेनॉल सापडलं होतं, एका वस्तीत एकाच वेळी प्रेतं पडली होती, मुंबईभर बोंब झाली होती. गर्दचं तसं नसतं. इथे एक, तिथे एक, प्रत्येक वेगळ्या ठाण्यात. 'यात जीवघेणं काही आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं' हे सिद्ध करायला आधी 'यात काय होतं' हे तरी कागदावर हवं.

आणि अमेरिकेत असे कायदे आहेत. त्यात सापडतो कोण? बहुतेकदा शेवटची पुडी हातात देणारा. तो मित्र असतो, प्रेयसी असते, भाऊ असतो. असं कलम आलं तर काकूंच्या मुलाला गेटपर्यंतसुद्धा कोणी आणणार नाही.

लीड्सकर

मूळचा नौपाड्याचा, आता इंग्लंडात. इथे अशा मृत्यूची चौकशी कोरोनर करतो. पोलीस नाही, डॉक्टर नाही, स्वतंत्र न्यायिक अधिकारी. त्याचा प्रश्न शिक्षेचा नसतोच. कोण, कुठे, केव्हा, कसा मेला, एवढंच. आणि असा मृत्यू पुन्हा होऊ शकतो असं दिसलं तर तो संबंधित खात्याला लेखी कळवतो, त्यांना ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, दोन्ही कागद जाहीर होतात.

फार कौतुक नको, इथेही पितळ उघडं पडलं. २०२३ च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅममध्ये माणसं पटापट गेली. हेरॉइनमध्ये नायटाझिन नावाची कृत्रिम अफू मिसळलेली निघाली. नेहमीच्या चाचण्यांच्या यादीत ती नव्हती, त्यामुळे आधीचे किती मृत्यू नुसते 'हेरॉइन' म्हणून नोंदले गेले कोण जाणे. मीठपाणी म्हणतात तोच यादीचा घोळ.

मला पटलेली सोय वेल्सची. कोणीही पुडीतला थोडासा नमुना नाव न लिहिता पोस्टाने सरकारी प्रयोगशाळेला पाठवतो, निकाल संकेतस्थळावर लागतो: अमुक गावातून आला, हे म्हणून विकला, प्रत्यक्षात निघालं ते. नेदरलँड्समध्ये असं १९९२ पासून चालतं. माणूस मरायच्या आधी पुडी बोलते.

जुना_गिरगावकर

लीड्सकर, कोरोनर मुंबईतही होता की! १८७१ चा कायदा, १९९९ मध्ये बंद केला. कारण दिलं की पोलीस तेच काम करतात, दुहेरी कशाला.

अवांतर: आपल्याकडे तो कायदा मुंबईपुरता. ठाण्याला कोरोनर कधीच नव्हता, मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे माणूस मेला तर चौकशी वेगळी, पलीकडे मेला तर वेगळी. हद्दीचं दुखणं जुनं आहे.

निवृत्त_हवालदार

कोरोनर परत आणा म्हणाल तर माझी नात निवृत्त होईल तोवर. आहे त्यात बसेल असं सांगतो. एडीच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवा: 'घटनास्थळी संशयित अमली पदार्थ, पन्नी, सुई : आहे / नाही'. असेल तर एक पाकीट, व्हिसेऱ्याच्या बरणीसोबत त्याच पत्राने, त्याच दिवशी प्रयोगशाळेला. आणि दोन्ही आयुक्तालयांच्या अमली पदार्थ विरोधी पथकांना रोजच्या रोज त्या रकान्याची यादी. तीन दिवसांत पाच किलोमीटरच्या आत तीन 'आहे' आले की कुणाच्याही डोक्यात घंटा वाजेल. याला नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरतं.

मीठपाणी

यात एक भर. ती यादी महापालिकेच्या आरोग्य विभागालाही द्या. पोलिसांना विकणारा हवा असतो, आम्हाला उद्या तोच माल ओढणारा. २००९-१० साली स्कॉटलंडमध्ये हेरॉइनमधून अँथ्रॅक्स पसरला होता. तिथे आरोग्य खातं आणि पोलीस एकत्र बसले आणि व्यसनी लोकांपर्यंत इशारे पोचवले. आपल्याकडे डेंग्यूचा रुग्ण सापडला तर दोन दिवसांत धूर मारायला गाडी येते. विषारी पुडीचा इशारा द्यायचा तर कोण देणार, कुठल्या खांबावर चिकटवणार?

कोर्टनाका

हवालदारसाहेबांच्या रकान्यात कायद्याची एक फट आहे. पाकीट केलं की ते एनडीपीएसखाली जप्ती ठरतं की एडीतला नमुना? परिपत्रकात स्पष्ट हवं की मृताच्या सेवनातला उरलेला अंश म्हणून तो मरणोत्तर नमुन्यांत मोडतो आणि घरच्यांवर त्यावरून कारवाई होणार नाही. सेवनाचा आरोपी तर मेलेलाच आहे, खटला चालवणार कोणावर? हे एक वाक्य घरोघरी माहीत असतं तर फिनाइलची बाटली उघडलीच नसती. पण व्यावसायिक प्रमाणाचा साठा सापडला तर ही सूट नको. मसुदा करणं वाटतं तितकं सोपं नाही.

सरळसोट

एवढं मान्य. रकान्याला खर्च नाही. बाकी माझं मत तेच आहे.

कोपरखैरणेची_काकू

मत ठेवा दादा, पण १४४४६ हा नंबरही ठेवा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन. आपल्याला लागत नाही, शेजाऱ्याला लागतो.

खाडीकाठ (धागालेखक)

सगळ्यांचे आभार. काल त्या आईकडे गेलो आणि मीठपाणी यांचं वाक्य सांगितलं, की त्या कागदाचा अर्थ विष नव्हतं असा नाही, यादीत सापडलं नाही असा आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग बहीण आतून आली नि म्हणाली, "दादा, मी ती पुडी ठेवली असती तर कळलं असतं का?" मी म्हटलं, तेव्हा कुणी विचारलंच नसतं. हे हवालदारसाहेबांच्या भरवशावर बोललो.

माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. मसुदा: गेल्या तीन वर्षांत आयुक्तालयाच्या हद्दीत किती अकस्मात मृत्यूंत अमली पदार्थांचा संशय नोंदवला? त्यातल्या किती प्रकरणांत घटनास्थळावरचा पदार्थ तपासणीला पाठवला? किती सीए अहवाल सहा महिन्यांहून जास्त काळ प्रलंबित आहेत आणि का? दुसऱ्या आयुक्तालयाशी माहितीची देवाणघेवाण का होत नाही?

कोर्टनाका

दोन्ही 'का' काढा. माहिती अधिकारात कागदावर असलेलं मिळतं, कारण विचारलं की अर्ज परत. 'देवाणघेवाणीबाबत काढलेल्या परिपत्रकांच्या प्रती द्याव्यात' असं लिहा. नसेल तर 'निरंक' म्हणून लेखी येईल, आणि आपल्याला तेच हवं आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, मोजून घ्या. आणि दोन अर्ज करा, नवी मुंबईचा वेगळा.

खाडीकाठ (धागालेखक)

'का' काढले. एकशे बारा शब्द झाले. दहा-दहा रुपयांचे दोन कोर्ट फी स्टॅम्प आणलेत. नवी मुंबईच्या अर्जावर सही बहिणीची आहे, तिनेच मागून घेतला.